पुण्याला गेलेल्या नमुन्यांचं गावाला काय कळलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोरोनाचा नवा उपप्रकार कुठं आढळला की वर्तमानपत्रांत चार-सहा ओळींची बातमी येते आणि तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : 'नमुने जिनोम सिक्वेन्सिंगसाठी पुण्याला पाठवण्यात आले आहेत.' पुढं त्या नमुन्यांचं काय निघालं, हे क्वचितच वाचायला मिळतं. मी अमरावती जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या प्रयोगशाळांत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. आता सेवानिवृत्त आहे. साथीच्या काळात ज्या थर्माकोलच्या डब्यातून हे नमुने जात, तो डबा भरायचं काम माझ्याकडं होतं. त्या कामात जे दिसलं, त्यावरून एक मागणी मांडायची आहे. खेड्यातून नमुना नियमितपणे गेला पाहिजे आणि त्याचं उत्तर त्याच खेड्याच्या आरोग्य केंद्रात परत आलं पाहिजे. माझ्या नोकरीच्या काळात पहिली गोष्ट अधूनमधून झाली. दुसरी झालेली मी कधीच पाहिली नाही.

सिक्वेन्सिंग म्हणजे नेमकं काय, हे गावात मला अनेकांनी विचारलं. कोरोनाच्या विषाणूत सुमारे ३० हजार अक्षरांचा एक मजकूर असतो, त्यालाच जिनोम म्हणतात. ती अक्षरं क्रमानं वाचून काढणं म्हणजे सिक्वेन्सिंग. विषाणू माणसाच्या शरीरात स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा त्या नकलेत अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. साधारण महिन्याला दोन असे बदल टिकून पुढं जातात. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. महानुभावांच्या हस्तलिखित पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे कसं ओळखतात? दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकसारखी चूक सापडली, तर त्या दोन्हींचं मूळ एक. विषाणूच्या बाबतीत शास्त्रज्ञ हेच करतात. कोणाच्या घशातला विषाणू कोणाच्या जवळचा आहे, हे त्या चुका जुळवून ठरवतात आणि त्यातून विषाणूची वंशावळ उभी राहते.

ही वंशावळ गावाच्या काय कामाची? समजा एका गावात दहा जण आजारी पडले. दहाही नमुन्यांतले विषाणू जवळजवळ सारखे निघाले, तर आजार एकाच वाटेनं गावात आला आणि गावातच फिरला, असं समजायचं. कोणाचं तरी लग्न, तेरवी किंवा बचत गटाची बैठक त्याच्या मुळाशी असेल. पण दहा नमुने वंशावळीच्या चार वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊन बसले, तर आजार चार वाटांनी आला. कोणी बऱ्हाणपूरच्या बाजारातून आणला, कोणी नागपूरच्या दवाखान्यातून, कोणी मुंबईहून परतलेल्या पोराकडून. या दोन परिस्थितींत करायची कामं वेगळी असतात. पहिलीत गावातच लक्ष घालावं लागतं, दुसरीत रस्ते आणि बाजार पाहावे लागतात. आशाताई घरोघर जाऊन 'कोणाकोणाला भेटले होते?' असं विचारायच्या, त्या विचारपूसवर एवढा भार टाकणं त्यांच्यावरही अन्याय होता. माणूस घाबरलेला असतो, त्याला आठवत नाही, आणि काही भेटी त्याला सांगायच्याही नसतात. विषाणूचा मजकूर मात्र काही लपवत नाही.

गुपचूप फैलाव या पद्धतीनं कसा उघडा पडतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या सिएटलचं आहे. तिथं फ्लूच्या अभ्यासासाठी सर्दी-खोकल्याच्या सामान्य लोकांचे नमुने आधीपासून जमा होत होते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस त्यातला एका शाळकरी मुलाचा नमुना कोरोनाचा निघाला. मुलगा कुठं बाहेरगावी गेलेला नव्हता. त्याच्या विषाणूचा क्रम वाचल्यावर लक्षात आलं की आजार त्या भागात आधीच पसरतो आहे आणि कोणाला पत्ता नाही. तो मूळ कोणाकडून आला, यावर पुढं शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण न दिसणारा फैलाव होता, ही गोष्ट खरी ठरली. हे हाती लागलं, कारण तिथं सामान्य, घरीच असलेल्या, फार आजारी नसलेल्या माणसांचे नमुने घेतले जात होते. आपल्याकडं खेड्यात असा नमुना घेण्याची सोय तेव्हा नव्हती.

आता २०२१ च्या सुरुवातीचं सांगते, कारण अमरावती जिल्ह्यानं ते सगळ्यांत आधी सोसलं. १५ जानेवारीला राज्यात ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रचार, मतमोजणी, गुलाल, पाठोपाठ लग्नं. वावरात तुरीची कापणी, कापसाची शेवटची वेचणी, मजुरांच्या भरलेल्या गाड्या. फेब्रुवारीच्या आरंभापासून माझ्या रजिस्टरमध्ये एक गोष्ट बदललेली दिसू लागली. २०२० च्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधी पॉझिटिव्ह येणारा घरातला एकजण असायचा. बाकीचे बहुतेक निगेटिव्ह. आता एकाच आडनावाच्या ओळी एकाखाली एक येऊ लागल्या. आजोबा, सून, मुलगा, दोन्ही नातवंडं. घरचे घर. बाजूच्या केंद्रांवरचे सहकारी फोनवर हेच सांगत होते. हा विषाणू आधीच्यासारखा वागत नाही, हे आमच्यासारख्या साध्या तंत्रज्ञांनाही जाणवलं होतं. आम्ही ते वरिष्ठांना तोंडी सांगितलंही. पण तोंडी सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत. पुरावा म्हणजे नमुने आणि त्यांचा वाचलेला क्रम, आणि तो त्या आठवड्यांत आमच्या भागातून पुरेसा जात नव्हता.

फेब्रुवारीच्या मध्यात 'अमरावतीचा स्ट्रेन' ही चर्चा सुरू झाली. तेव्हा मोजके नमुने पुण्याला तपासले गेले होते आणि इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, ब्राझील इथले परदेशी प्रकार त्यात सापडले नाहीत, असा खुलासा आरोग्य विभागानं केला. तो खुलासा खरा होता. पण मला तेव्हाही खटकलं होतं आणि आज जास्त खटकतं की, प्रश्न विचारला गेला तो परदेशातून काही आलं का, एवढाच. इथं, आपल्याच माणसांत, काही नवीन तयार होऊन पसरतंय का, हा प्रश्न तितक्या जोरानं विचारला गेला नाही. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्यानंतर महिनाभरानं, २४ मार्चला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र दिसत आहेत आणि हा प्रकार आधी ठाऊक असलेल्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाही. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं. शास्त्रज्ञांनी त्याचा क्रमांक बी.१.६१७ ठेवला. त्याच घराण्यातला बी.१.६१७.२ पुढं डेल्टा म्हणून जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे या घराण्याचे सुरुवातीचे नमुने भारतात ऑक्टोबर २०२० मध्येच घेतलेले होते.

ऑक्टोबर ते मार्च. मधले हे महिने माझ्या मनातून जात नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदले गेले, ऑक्सिजनसाठी नातेवाईक रात्रभर फिरले, आमच्या पंचक्रोशीत एका-एका आठवड्यात एका गल्लीतून दोन-दोन तिरड्या निघाल्या. आधी कळलं असतं तर हे सगळं टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण डिसेंबर-जानेवारीत वऱ्हाडातल्या खेड्यांतले नमुने नेमानं वाचले जात असते, तर जानेवारीअखेर कोणीतरी बोट ठेवून म्हणू शकलं असतं की इथं एक नवा प्रकार वाढतो आहे. खाटा, सिलिंडर, लोकांना सावध करणं, यासाठी काही आठवडे मिळाले असते. साथीत काही आठवडे फार असतात.

देशात सिक्वेन्सिंगसाठी 'इन्साकॉग' हे प्रयोगशाळांचं जाळं डिसेंबर २०२० च्या अखेरीस उभं राहिलं. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी पाच टक्के वाचायचे असं ठरलं. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोचता आलं नाही. नंतर पद्धत बदलली आणि ठरावीक प्रयोगशाळा व मोठी रुग्णालयं निवडून तिथून दर पंधरवड्याला १५ नमुने पाठवायचे, असं झालं. कागदावर हे सुटसुटीत आहे. पण मोठं रुग्णालय कुठं असतं? अमरावतीला, नागपूरला, अकोल्याला. तिथं पोचतो तो खूप आजारी पडलेला, किंवा ज्याच्याकडं गाडी आणि पैसा आहे तो. धारणीपासून अमरावती घाटरस्त्यानं दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे. सेमाडोह-हरिसालकडचा साधा तापाचा माणूस त्या १५ नमुन्यांत कधी येणार? नागपुरात ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डिसेंबर २०२१ मध्ये सापडला, तो परदेशातून आलेला होता म्हणून तपासला गेला. पुढच्या महिन्यात आमच्याकडं घरोघर सर्दी-ताप होता. तो ओमायक्रॉनच असणार असं सगळे धरून चालले, पण आमच्या केंद्रातून त्या लाटेतला एकही नमुना वाचला गेल्याचं मला माहीत नाही.

खेडं या नकाशावरून कसं निसटतं, त्याची कारणं मी जवळून पाहिली आहेत आणि ती मुंबई-पुण्यात बसून सहज सुचणारी नाहीत, म्हणून जरा तपशिलात सांगते.

पहिलं म्हणजे अँटिजेन किट. आमच्याकडं तपासण्या झाल्या त्यातल्या पुष्कळशा याच किटवर झाल्या. पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो, रुग्णाला तिथल्या तिथं सांगता येतं, गावासाठी ते चांगलंच होतं. पण त्यात स्वॅबची काडी किटबरोबरच्या द्रावणात बुडवतात, दोन-चार थेंब पट्टीवर टाकतात आणि बाकी सगळं पिवळ्या पिशवीत जातं. मागं काही उरत नाही. सिक्वेन्सिंगसाठी दुसरा स्वॅब घेऊन तो व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या, नळीत ठेवावा लागतो. तसा आदेश असेल तरच आणि नळ्या शिल्लक असतील तरच ते होतं. म्हणजे अँटिजेनवर पॉझिटिव्ह आलेली खेड्यातली माणसं आकड्यात मोजली गेली, पण त्यांच्या विषाणूचा मजकूर कोणी वाचलाच नाही.

दुसरं, थंडावा. व्हीटीएममधला नमुना दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचा आणि तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवायचा, नाहीतर उणे सत्तर अंशाचा फ्रीजर हवा, जो मेडिकल कॉलेजशिवाय कुठं नसतो. आरोग्य केंद्रात आयएलआर नावाचा खास फ्रीज असतो, पण तो लसींचा. त्यात रुग्णाचा नमुना ठेवायला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मग उरतो प्रयोगशाळेतला लहान फ्रीज. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी लाईन जाते, इन्व्हर्टर प्रसूतिगृहाला लागतो. मी आइसपॅक लसीच्या डीप फ्रीजरमधून मागून आणायची, नळ्यांना पॅराफिल्म गुंडाळून, झिपलॉक पिशवीत घालून, तीन थरांचं पॅकिंग करून डबा तयार ठेवायची. गाडी सकाळी येणार म्हणून डबा भरला की ती संध्याकाळी यायची. डबा उघडून आइसपॅक बदलायचे, पुन्हा बंद करायचा. या सगळ्यात विषाणू मोडतो. आरटीपीसीआरमध्ये तो कसाबसा पॉझिटिव्ह दिसतो, पण पूर्ण मजकूर वाचता येत नाही. सिक्वेन्सिंगला सीटी व्हॅल्यू कमी असलेला, म्हणजे भरपूर विषाणू असलेला नमुना लागतो. साधारण पंचवीसच्या आत असेल तर उत्तम. खेड्यातला माणूस ताप आल्यावर आधी चार दिवस घरी काढतो, मग गावातल्या डॉक्टरकडून सुई घेतो, मग आमच्याकडं येतो. तोपर्यंत सीटी चढलेली असते. असे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत बाजूला काढले जातात. यात तिथल्या लोकांचा दोष नाही. पण याचा एकत्र परिणाम असा की, शहरातला ताजा नमुना वाचला जातो आणि खेड्यातला वाया जातो.

तिसरं, नमुन्याबरोबरचा कागद. नमुना कोणत्या दिवशी घेतला, गाव कोणतं, बाहेरगावचा प्रवास, लस किती डोस, आधी कोरोना झाला होता का. हे नसेल तर वाचलेल्या क्रमाचा अर्धा उपयोग जातो. एसआरएफ आयडी, म्हणजे नमुन्याचा ऑनलाइन नोंदणी क्रमांक, भरताना नेट जायचं. गावाचं नाव एकाच तालुक्यात तीन प्रकारे लिहिलेलं असायचं, बुद्रुक आणि खुर्द गाळलेलं असायचं. पुढं जगभरच्या विषाणूंचे क्रम ठेवणाऱ्या जागतिक साठ्यात नोंद जाते तेव्हा फार तर जिल्ह्याचं नाव राहतं. रुग्णाची ओळख उघडी होऊ नये म्हणून तिथं गाव नको, हे मला पटतं. पण जिल्हा आरोग्य कार्यालयाकडं तरी नमुना आणि गाव यांची जोडी नीट राहायला हवी. माझ्या रजिस्टरमधल्या त्या एकाखाली एक आलेल्या आडनावांच्या ओळी आणि त्या नमुन्यांचे क्रम एका टेबलावर ठेवून कोणी पाहिले असते, तर पुष्कळ उलगडा झाला असता.

आणि उत्तर. मे २०२१ पासून राज्यानं प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने सिक्वेन्सिंगसाठी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. त्या मोहिमेतच जूनमध्ये रत्नागिरी, जळगाव वगैरे ठिकाणचे डेल्टा प्लसचे, म्हणजे डेल्टाच्याच एका उपप्रकाराचे, रुग्ण सापडले, म्हणजे पद्धत चालते हे सिद्ध झालं. आमच्याकडूनही नमुने गेले. लोकांना आम्ही सांगितलं होतं की तुमच्या नमुन्याची मोठी तपासणी होणार आहे. ज्यांचे नमुने गेले त्यातल्या एका मावशींचे मालक दवाखान्यातच वारले. पुढं कितीतरी दिवस त्या दर बाजाराला केंद्रात यायच्या. 'लॅबवाल्या ताई, त्या मोठ्या तपासनीचं काय झालं जी? आमाले काई समजलंच नाई.' मी वर विचारायची. वरून उत्तर यायचं की अहवाल राज्याकडं जातो, वैयक्तिक निकाल देण्याची पद्धत नाही. सिक्वेन्सिंगच्या निकालानं एका रुग्णाचे उपचार बदलत नाहीत, म्हणून तो रुग्णाला देत नाहीत, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण गावाला एक साधं पत्र देता आलं असतं. तुमच्या भागातून एवढे नमुने आले, त्यात हा प्रकार आढळला, तो घरात लवकर पसरतो, म्हणून घरात कोणाला ताप आला तर सगळ्यांनी तपासून घ्या. अर्ध्या पानाचं पत्र. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं असतं, तर पुढच्या वेळी नमुना द्यायला लोक आपणहून आले असते. पुढं माणसं म्हणू लागली, नाकात काडी घालून घ्यायची आणि कळत तर काहीच नाही. मला त्यांना उत्तर देता आलं नाही.

गावाला आधी आणि नीट न कळवल्याचं आणखी एक नुकसान झालं. कळलं ते टीव्हीवरून, आणि तेही बदनामीच्या रूपात. पुण्यात कामाला असलेल्या आमच्या भागातल्या पोरांना घरमालकांनी 'तू अमरावतीचा ना' म्हणून परत ठेवून घ्यायला नकार दिला. बस अमरावतीची दिसली की लोक नाक दाबायचे. मे २०२१ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं प्रकारांना ग्रीक अक्षरांची नावं दिली ती याच कारणानं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता कोरोना सर्दी-पडशासारखा झाला, मग हे सगळं कशाला, असं काही वाचक म्हणतील. माझ्या घरातही म्हणतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. चांदीपुरा विषाणूचं नाव नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून पडलं. १९६५ मध्ये नागपूरकडं तापाची साथ आली, तेव्हा पुण्याच्या संशोधकांनी ग्रामीण रुग्णांच्या रक्तातून तो वेगळा केला. त्यावेळी तो फार घातक वाटला नाही. २००३ मध्ये आंध्रात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याच विषाणूनं लहान मुलांचा जीव घेतला, आणि तेव्हा त्याची ओळख आधीपासून हाती होती, ती कोणीतरी साठ वर्षांपूर्वी विदर्भातल्या खेडुताचा नमुना जपून नेला म्हणून. दुसरी गोष्ट ताजी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. ते चंद्रपूरकडून आणलेले प्राणी होते. जंगल, कोंबड्या, गुरं आणि माणसं एकमेकांना लागून आहेत ती आपल्याच भागात. पुढचा विषाणू कोणता असेल, मला ठाऊक नाही. पण नमुना घेण्याची, थंड ठेवण्याची, वाचण्याची आणि उत्तर परत पाठवण्याची सवय आज कोरोनाच्या निमित्तानं लागली, तर ती डेंग्यूला, स्क्रब टायफसला, फ्लूला, सगळ्यालाच उपयोगी पडेल. साथ आल्यावर सवय लागत नाही.

यासाठी फार मोठा खर्च नको. प्रत्येक तालुक्यात एक ग्रामीण रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र ठरवा. तिथं ताप-खोकला घेऊन येणाऱ्यांपैकी दर पंधरवड्याला थोडे नमुने घ्या, निवडून नव्हे, जे येतील ते. दुखणं सुरू होऊन तीन दिवसांच्या आतले घ्या, म्हणजे सीटी चांगली मिळेल. अँटिजेन पॉझिटिव्ह आला तर दुसरा स्वॅब नळीत ठेवण्याचा कायमचा आदेश काढा. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये मिठाच्या पाण्यानं गुळणी करून नमुना घेण्याची पद्धत शोधली, त्यात नाकात काडी नाही आणि व्हीटीएमही नाही. खेड्यांसाठीच ती सोयीची म्हणून सांगितली गेली होती. आमच्या उन्हात आणि आमच्या रस्त्यांवर अशा नमुन्यातून सिक्वेन्सिंग कितपत जमतं, हे त्यांनी तालुक्यात येऊन करून पाहावं. अमरावती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं साथीत हजारो स्वॅब तपासले. सेवाग्रामला, नागपूरच्या एम्सला मनुष्यबळ आहे. सगळं पुण्यालाच का जावं? पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात २०१५ मध्ये इबोलाच्या साथीत शास्त्रज्ञांनी सामानाच्या पेट्यांतून हातात मावणारी यंत्रं नेली आणि तिथल्या तिथं विषाणू वाचले. गिनीत जे दहा वर्षांपूर्वी झालं ते विदर्भात व्हायला हरकत कसली?

सांडपाण्यातून विषाणू शोधण्याबद्दलही हल्ली बरंच ऐकू येतं. शहरात ते चांगलं आहे. आमच्या गावांत गटारांचं जाळं नाही. नाली उघडी आहे आणि तिच्यात न्हाणीचं पाणी जातं, शौचालयाचं शोषखड्ड्यात. तेव्हा शहराची पद्धत आम्हाला जशीच्या तशी लावू नका. पण आश्रमशाळा आणि वसतिगृहं आहेत, तिथं शेकडो मुलं एकत्र राहतात आणि एकच सेप्टिक टँक असतो. ग्रामीण रुग्णालयांचेही टँक आहेत. महिन्यातून एकदा तिथला नमुना घेतला तर कोणाच्याही नाकाला हात न लावता पुष्कळ कळेल.

आणि वेळ आमच्या पंचांगाप्रमाणे धरा. मेळघाटातले कोरकू मजूर कामासाठी दूरदूर जातात आणि होळीला हमखास गावी परततात. त्या पंधरा दिवसांत सगळीकडचे विषाणू धारणी-चिखलदऱ्यात एकत्र येतात. नमुने घ्यायचे तर होळीच्या आधी काही आणि होळीनंतर दोन आठवड्यांनी काही, असे घ्यावेत, म्हणजे बाहेरून काय आलं आणि गावात काय रुजलं हे वेगळं दिसेल. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा डिसेंबर-जानेवारीत महिनाभर चालते, मध्य प्रदेशातूनही लोक येतात. तिथं आरोग्य खात्याचा तंबू असतोच. त्या तंबूत एक शीतपेटी आणि एक तंत्रज्ञ वाढवला तरी चालेल. वरुड-मोर्शीत संत्र्याच्या तोडीला बाहेरचे मजूर आणि ट्रकवाले येतात, तो हंगामही धरावा. कोणत्या आठवड्यात कुठं माणसं जमतात, हे तालुक्यातल्या कोणत्याही आशाताईला विचारलं तरी ती सांगेल. पुण्याच्या संगणकाला ते सांगता येणार नाही.

हे सगळं ज्यांनी करायचं, त्या तंत्रज्ञांच्या जागा आधी भरा. अनेक केंद्रांत एकच तंत्रज्ञ दोन-दोन ठिकाणी फिरतो, काही कंत्राटी मुलामुलींचा पगार महिनोन् महिने रखडतो. मलेरियाच्या काचपट्ट्या, टीबीचे बेडके, गरोदर बायांचं हिमोग्लोबिन हे रोजचं काम संपवून मग हे. त्यांच्या डोक्यावर नुसतं आणखी एक रजिस्टर ठेवू नका.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं आणि आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी याचा विचार करावा म्हणून हे पत्र. येत्या होळीपासून मेळघाटातल्या दोन तालुक्यांत तरी सुरुवात करता येईल, आणि पहिल्या महिन्याचे निकाल मराठीत आणि कोरकूत, अर्ध्या पानात, त्या त्या ग्रामपंचायतीला पाठवता येतील. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना नळी कशी बंद करायची, डबा कसा भरायचा, कागदावर गावाचं नाव कसं लिहायचं हे शिकवायला कोणी हवं असेल, तर मी विनामानधन यायला तयार आहे. माझा पत्ता आणि फोन क्रमांक आपल्या कार्यालयाकडं स्वतंत्र दिला आहे.

आपली,
एक सेवानिवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. अमरावती